विनंति कशी करावी?

मनुष्य जन्मास येतो तो मागतच येतो. तान्हें मूल रडून मागतें, रांगूं लागलें म्हणजे हात पुढें करून मागतें, आणि वाचा फुटली म्हणजे शब्दांनीं मागतें. पुढें आयुष्यभर हें मागणें सुटत नाहीं. वाण्याकडे माल, शेजाऱ्याकडे शिडी, शिक्षकांकडे सुटी, वरिष्ठांकडे रजा आणि देवाकडे क्षमा, असें आपण सारेच कोणाकडे तरी कांहीं ना कांहीं मागत असतों. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. चार माणसांत राहावयाचें म्हणजे मागणें व देणें हें ओघानेंच आलें. परंतु मागावें कसें, ही मात्र शिकण्याची गोष्ट आहे. आणि तिच्याविषयीं एका चुकीच्या समजुतीस अलीकडे शाळांत व घरांत थारा मिळाला आहे, असें आमचें मत आहे.

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आमच्या उपनगरांत मराठी बोलणाऱ्या मुलांवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. तो असा कीं, ह्या मुलांना विनंति करतां येत नाहीं; त्यांच्या भाषेंत ‘प्लीज’ला घरगुती शब्दच नाहीं; ‘पाणी द्या’, ‘सरका’, ‘वही आण’ असे तीं जणूं हुकूम सोडतात. ज्यांच्यावर हा आक्षेप येतो त्यांनाहि तो हळूहळू खरा वाटूं लागला आहे. मुलानें मराठींत मागितलें तर तें आडदांड, आणि तेंच ‘प्लीज’ जोडून मागितलें तर सभ्य, अशी समजूत पुष्कळ घरांत रुजली आहे. आजीकडे लाडू मागणाऱ्या नातवालाहि ‘प्लीज म्हण’ म्हणून बजावण्यांत येतें. आणि आपला नातू आपल्याशीं परक्यासारखा कां बोलतो, याचा आजी बिचारी विचार करीत बसते.

आपल्या मातृभाषेला सभ्यता ठाऊक नाहीं असें ज्या मुलाला वाटतें, तें मूल ती भाषा चारचौघांत बोलण्यास लाजूं लागतें. म्हणून हा प्रश्न केवळ शिष्टाचाराच्या पुस्तकापुरता नाहीं. सदर आक्षेप खोटा आहे, आणि तो कां खोटा आहे हें दाखविण्यासाठीं आम्ही मराठी व इंग्रजी सोडून एका तिसऱ्याच भाषेची साक्ष काढणार आहों. ती भाषा स्पॅनिश.

स्पॅनिशचें नांव ऐकून वाचकांनीं दचकूं नये. आमच्या साष्टी बेटाचा त्या भाषेशीं व तिच्या सख्ख्या बहिणीशीं, म्हणजे पोर्तुगीजशीं, जुना संबंध आहे. ज्यांच्या नांवाच्या शाळा व देवळें आपल्याकडे जागोजाग दिसतात ते संत फ्रान्सिस झेवियर आजच्या स्पेनमधील नाव्हार प्रांतांत जन्मले आणि ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले. वसई व साष्टी १५३४ सालीं पोर्तुगीजांकडे गेलीं, आणि त्यांचा तेथील अंमल मराठ्यांनीं १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत संपविला. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवर त्या काळच्या मठाचे भग्नावशेष अजून उभे आहेत. पुढें पहिल्या महायुद्धाच्या काळांत मुंबईंतील जर्मन जेझुइट धर्मगुरूंना येथून जावें लागलें, तेव्हां १९२० नंतरच्या वर्षांत त्यांची जागा घेण्यास आले ते मुख्यत्वें स्पेनमधील. त्यांपैकीं बार्सिलोनाचे फादर हेन्री हेरास १९२२ सालीं मुंबईस आले, १९२६ सालीं त्यांनीं सेंट झेवियर कॉलेजांत इतिहाससंशोधनाची संस्था स्थापिली, आणि १९५५ सालीं येथेंच देह ठेविला. आतां तर उपनगरांतील कांहीं शाळांत स्पॅनिश हा विषय म्हणूनहि शिकवितात, आणि घरबसल्या मोबाईलवर ती शिकणारे विद्यार्थीहि आहेत.

पोर्तुगीजांनीं आपल्या भाषेंत कोणते शब्द ठेवून दिले तें पाहावें. चावी, बादली, पाव, पगार, तिजोरी, अननस, हापूस हे शब्द आपण दिवसभर वापरतों. परंतु पोर्तुगीज व स्पॅनिश या दोन्ही भाषांत आज रोज ऐकूं येणारा ‘पोर फावोर’, म्हणजे ‘कृपा करून’, हा शब्द मात्र मराठींत नाहीं. दोन शतकें शेजार घडला; वस्तू आल्या, वस्तूंचीं नांवें आलीं, पण विनंतीचा शब्द उसना घ्यावा अशी गरज आपल्या पूर्वजांस भासलेली दिसत नाहीं. ज्याच्या घरीं भांडें असतें तो शेजाऱ्याकडे भांडें मागावयास जात नाहीं.

मग तें भांडें आपल्या घरीं कोठें आहे? जुनीं पत्रें उघडून पाहावीं. मायन्यांतच ‘सा. न. वि. वि.’ अशीं अक्षरें दिसतील. म्हणजे ‘साष्टांग नमस्कार विनंति विशेष’. पत्र संपतांना पुन्हा ‘लोभ असावा, ही विनंति’ आहेच. ज्या भाषेंत पत्राचा आरंभ विनंतीनें होतो आणि शेवटहि विनंतीनें होतो, त्या भाषेंत विनंति नाहीं असें म्हणणें धाडसाचें आहे. परंतु हें झालें लेखी. बोलण्यांतील मराठी विनंति सहसा डोळ्यांस दिसत नाहीं, कारण ती स्वतंत्र शब्दांत नसून क्रियापदाच्या पोटांत असते. येथेंच स्पॅनिशची साक्ष आपल्या उपयोगीं पडते.

इंग्रजी वळणावर वाढलेला विद्यार्थी स्पॅनिश शिकूं लागला म्हणजे प्रथम ‘प्लीज’चा प्रतिशब्द पाठ करतो, आणि ‘पोर फावोर’ हाताशीं आलें कीं आपलें काम झालें असें समजतो. पुढें माद्रिदच्या एकाद्या उपाहारगृहांत तो कान देऊन ऐकेल तर त्यास नवल वाटेल. तेथील गिऱ्हाईक पुष्कळदां ‘मे दा उन बासो दे आग्वा?’ एवढेंच म्हणतें. याचा शब्दशः अर्थ ‘मला एक पेला पाणी देतां का?’ असा. ‘पोर फावोर’ त्यापुढें लागतेंच असें नाहीं. लागलें तर उत्तम, न लागलें तरी कोणी रागावत नाहीं. इंग्रजी कानास हें तुटक वाटतें, आणि स्पॅनिश लोक उद्धट असल्याची तक्रार त्यामुळें ऐकूं येते. वाचकहो, ही तक्रार ओळखीची वाटत नाहीं काय? आमच्या मुलांवर होणारा आक्षेप तोच आहे. ‘पाणी देतां का?’ ह्या वाक्यांत विनंति पुरी झालेली आहे. हुकुमाच्या जागीं प्रश्न ठेवून बोलणाऱ्यानें समोरच्यास ‘नाहीं’ म्हणण्याची वाट मोकळी ठेविली आहे. आणि विनंति म्हणजे याहून दुसरें काय?

दुसरी गोष्ट काळाची. ‘मला हवें आहे’ याला स्पॅनिशमध्यें ‘कीएरो’ म्हणतात. पण दुकानांत किंवा कचेरींत हें रोखठोक वाटतें, म्हणून ‘केरीआ’, म्हणजे ‘मला हवें होतें’, असें बोलतात; आणि आणखी अदब दाखवावयाची तर ‘कीसिएरा’, म्हणजे ‘मिळालें असतें तर बरें होतें’ अशा थाटाचें रूप आहे. इच्छा आतांची, आणि क्रियापद मात्र भूतकाळाकडे झुकलेलें! आतां मुख्याध्यापकांच्या दारांत उभा राहिलेला आमचा विद्यार्थी काय म्हणतो तें ऐकावें. ‘सर, मला एक विचारायचें होतें.’ त्याला विचारावयाचें आतांच आहे. पण ऐकणाऱ्यावर दडपण पडूं नये म्हणून तो आपली इच्छा एक पाऊल मागें नेऊन उभी करतो. हें त्याला कोणीं फळ्यावर लिहून शिकविलें नाहीं. आईच्या बोलण्यांतून तें त्याच्याकडे आलें.

तिसरी गोष्ट आज्ञेची. स्पॅनिशमध्यें जवळच्या माणसास ‘तू’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘तूं’चा दूरचा नातलगच आहे. मान द्यावयाच्या माणसास ‘उस्तेद’ म्हणतात. ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, असें जुनें संबोधन होतें. तें झिजून ‘उस्तेद’ झालें, आणि म्हणून त्याचें क्रियापद तृतीय पुरुषीं चालतें. ‘तू’ म्हणावयाच्या माणसास ‘त्राए’, म्हणजे ‘आण’, असें सरळ सांगतां येतें. ‘उस्तेद’ला मात्र खरी आज्ञा करतांच येत नाहीं, तेथें इच्छा किंवा शक्यता दाखविणारें दुसरें रूप आणून ‘त्राइगा’ म्हणावें लागतें. हाच न्याय मराठीचा. लहानास ‘ये, बस’. मोठ्यांस ‘या, बसा’. आणि विशेष मान द्यावयाचा तर ‘यावें, बसावें’. आज्ञार्थ सोडून विध्यर्थ घेतला कीं हुकूम जाऊन आर्जव येतें. ‘पाहुण्यांनीं आतां पानावर बसावें’ असें आपण समोर उभ्या असलेल्या पाहुण्यांसच म्हणतों. ‘उस्तेद’ची रीत याहून निराळी नाहीं.

चौथी गोष्ट अशी कीं, सभ्य मनुष्य मागणें लहान करून मागतो व देणाऱ्याचें नांव झांकून मागतो. ‘हें पुस्तक मिळेल का?’, ‘येथें बसतां येईल का?’ असें आपण विचारतों तेव्हां देणारा कोण, हें वाक्यांत येतच नाहीं. न मिळालें तर त्याचा दोष कोणावर येत नाहीं. दारावर टकटक करणारा स्पॅनिश मनुष्य ‘से पुएदे?’, म्हणजे ‘येतां येईल का?’, एवढेंच म्हणतो. कोणास येतां येईल, हें बोलत नाहीं. ‘जरा पेन देतां का?’ ह्या वाक्यांत पेन कांहीं अर्धें द्यावयाचें नसतें. ‘जरा’ ह्या चिमुकल्या शब्दानें मागणें हलकें होतें. स्पॅनिश मनुष्य त्याच कामासाठीं शब्दास लघुत्वाचा प्रत्यय लावून ‘मोमेंतो’चा, म्हणजे क्षणाचा, ‘मोमेंतीतो’ करतो.

आतां परवानगीकडे वळूं. येथें मराठीजवळ जें आहे तें स्पॅनिशजवळहि नाहीं. स्पॅनिश मनुष्य ‘पुएदो?’, म्हणजे ‘मला शक्य आहे का?’, किंवा ‘मे पेर्मीते?’, म्हणजे ‘मला परवानगी देतां का?’, असें विचारतो. त्याला बहुधा शकण्याचें किंवा परवानगी देण्याचें एक क्रियापद मदतीस घ्यावें लागतें. मराठीला त्याची गरज नाहीं. ‘येऊं?’ एवढें एक पद पुरें होतें. आपल्या व्याकरणांत आज्ञार्थाचीं रूपें देतांना ‘मी करूं, तूं कर, तो करो’ असा क्रम लावितात. विद्यार्थी तो घोकतात, परंतु त्यांतील मर्म फार थोड्यांच्या ध्यानीं येतें. आज्ञार्थ एकच, पण तो दुसऱ्याकडे वळला म्हणजे हुकूम होतो, आणि स्वतःकडे वळला म्हणजे प्रश्न होतो. स्वतःस आज्ञा करण्याचा प्रसंग येतांच मराठी मनुष्य ती आज्ञा समोरच्याच्या हातीं सोंपवितो, आणि तो सांगेल तर येईन असें कबूल करतो. ह्याहून नम्र व्याकरण आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

निरोप घेतांना ही रीत आणखी खुलते. मराठी मनुष्य ‘जातों’ म्हणत नाहीं. तें अशुभ मानतात. तो ‘येतों’ म्हणतो, आणि वडीलधारीं माणसें बसलीं असलीं तर ‘येऊं आतां?’ असें विचारतो. जाण्याचीहि परवानगी, आणि ती परत येण्याच्या शब्दांत! मेक्सिको व दक्षिण अमेरिकेंतील पुष्कळ देशांत मंडळींतून उठतांना किंवा कोणाच्या पुढून जातांना ‘कोन पेर्मिसो’, म्हणजे ‘आपल्या परवानगीनें’, म्हणण्याची चाल आहे. जेवतांना कोणी आलें तर जुन्या वळणाचा स्पॅनिश मनुष्य ‘उस्तेद गुस्ता?’, म्हणजे ‘आपणांस आवडेल का?’, असें विचारतो, व येणारा ‘के आप्रोबेचे’, म्हणजे ‘अंगीं लागो’, म्हणून नम्रपणें नकार देतो. आपल्याकडे ‘या जेवायला’ आणि ‘होऊं द्या सावकाश’ हीं वाक्यें याच नात्याचीं आहेत. मागितलेलें मिळाल्यावर गोव्याचा कोंकणी मनुष्य ‘देव बरें करूं’ म्हणतो, आणि जुन्या पिढीचा स्पॅनिश मनुष्य ‘देव आपली फेड करो’ अशा अर्थाचें वाक्य उच्चारतो. माणसें दूरदूरचीं, पण मागण्याचा व घेण्याचा धर्म सारखाच.

पुस्तकी उदाहरणें पुरीं झालीं. आतां आपल्या रोजच्या गाडींत पाहावें. लोकलचें बांक तिघांचें, आणि त्यावर बसतात चौघे. ही चौथी जागा मिळते ती केवळ मागण्यानें. ‘जरा सरकतां का?’ म्हटलें कीं तिघेहि चार चार बोटें सरकतात. स्टेशन जवळ आलें म्हणजे दाराकडे जाणारा मनुष्य पुढच्याच्या खांद्यामागून विचारतो, ‘अंधेरी उतरणार का?’ हा वरवर माहितीचा प्रश्न. खरा अर्थ, उतरणार नसाल तर मला वाट द्याल का, असा. माद्रिदच्या भुयारी गाडींतहि दाराशीं ‘बाहा एन ला प्रोक्सिमा?’, म्हणजे ‘पुढच्या स्टेशनावर उतरतां का?’, हा प्रश्न याच अर्थानें ऐकूं येतो. आणि आपला ‘कृपया’? हा शब्द फलाटावरील ध्वनिक्षेपकांतून दिवसभर कानीं पडतो, पाट्यांवर दिसतो, सरकारी पत्रांत असतो. परंतु डब्यांत कोणीं शेजाऱ्यास ‘कृपया सरका’ म्हटलें तर तो दचकून वर पाहील. ‘कृपया’ पाटीला शोभतो. माणसाच्या तोंडीं ‘सरकतां का’ शोभतें.

एवढें वाचून मराठी वाचकानें मिशीवर ताव देऊं नये. भाषेजवळ साधनें आहेत एवढेंच यावरून ठरतें; तीं आपण कोणासाठीं वापरतों, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचें उत्तर तितकें सुखाचें नाहीं. शिक्षकांपुढें ‘येऊं का, सर?’ म्हणणारा मुलगा वर्गाबाहेर पडतांच शिपायास ‘ए, दार उघड’ म्हणतो. ‘देतां का?’ हें वडिलांसाठीं, फादरांसाठीं, साहेबांसाठीं. आणि ‘आण’, ‘उचल’, ‘हट’ हें भांडीं घासणाऱ्या बाईसाठीं, हमालासाठीं, रिक्षावाल्यासाठीं. ती बाई वयानें त्या मुलाच्या आईएवढी असते. ती त्याला ‘दादा’ म्हणते, आणि तो तिला ‘तूं’ म्हणतो.

आमच्या मतें विनंतीची खरी कसोटी येथें आहे. ज्याच्या हातीं ‘नाहीं’ म्हणण्याची सत्ता आहे त्याच्याशीं नम्र होण्यांत पुष्कळदां धोरण असतें. ज्याला ‘नाहीं’ म्हणण्याची सोय नाहीं त्याच्याशीं नम्र होण्यांत सभ्यता असते. स्पेनमध्येंहि पूर्वीं मालक नोकरास ‘तू’ म्हणे आणि नोकर मालकास ‘उस्तेद’ म्हणे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें ‘तू’चा प्रसार झाला, आणि आज दुकानदार व गिऱ्हाईक पुष्कळदां एकमेकांस ‘तू’च म्हणतात. कोलंबिया देशांतील बोगोटा शहरांत याच्या उलट घरच्या माणसांसहि ‘उस्तेद’ म्हणण्याची रीत आहे. कोणता शब्द वापरावा, हें ज्या त्या गांवानें ठरवावें. पण तो दोन्ही बाजूंनीं सारखा चालावा, हें महत्त्वाचें. आपण आईला ‘तूं’ म्हणतों आणि देवालाहि ‘तूं’ म्हणतों. त्या ‘तूं’मध्यें उणेपणा नाहीं. एकेरी शब्द वाईट नव्हे. एकतर्फी शब्द वाईट.

दुसऱ्या टोकाचाहि एक दोष आहे. रजेच्या अर्जाखालीं ‘आपला आज्ञाधारक’ असें लिहावयास मुलांना शिकवितात, आणि कांहीं जणांच्या मनांत असें बसतें कीं, मागणें म्हणजे वांकणें. मेक्सिकोंत मोठ्या माणसाचें बोलणें नीट ऐकूं आलें नाहीं तर मुलांनीं ‘मांदे?’, म्हणजे ‘आज्ञा करा’, असें म्हणावें अशी शिकवण आहे; आणि हा शब्द दास्याची आठवण करून देतो असें म्हणणारे लोकहि त्याच देशांत आहेत. नम्रता म्हणजे लोटांगण नव्हे. शाळेचा दाखला, शिधापत्रिका, फीची पावती ह्या हक्काच्या वस्तू कोणीं भीक मागितल्यासारख्या मागूं नयेत. ‘माझा दाखला केव्हां मिळेल?’ ह्या साध्या प्रश्नांत अदबहि आहे आणि ताठ कणाहि आहे.

परवानगीचें तसेंच. आमच्या वर्गांत दिवसांतून कितीदां तरी ‘मे आय कम इन, टीचर?’ हें वाक्य ऐकूं येतें, आणि तें म्हणणाऱ्याचा एक पाय बहुधा तोंवर आंत पडलेला असतो. ज्या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहिली जात नाहीं तो परवानगीचा प्रश्न नव्हे; ती नुसती वर्दी. हा दोष इंग्रजीचा नाहीं. ‘आंत येऊं का?’ हेंहि असेंच पोपटासारखें म्हणतां येईल. ‘से पुएदे?’ विचारणारा मनुष्य आंतून ‘आदेलान्ते’, म्हणजे ‘पुढें या’, असें ऐकूं येईपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबतो. तें थांबणें हा त्या वाक्याचा उत्तरार्ध आहे. आणि कधीं ‘नाहीं’ ऐकावयाचीहि तयारी असावी. ‘नाहीं’ ऐकतांच जो रुसतो त्यानें विनंति केलीच नव्हती. त्यानें गोड आवाजांत हुकूम केला होता.

कोणी म्हणेल, उपनगरांतील धकाधकींत ह्या सोपस्कारांस वेळ कोणास आहे? याचा हिशेबच करूं. ‘सरका’ ह्या शब्दाचीं अक्षरें तीन. ‘जरा सरकतां का’ याचीं सात. चार अक्षरांनीं कोणाची गाडी चुकली आहे? उलट नुसत्या ‘सरका’नें जें भांडण लागतें तें पुष्कळदां पुढच्या दोन स्टेशनांपर्यंत पुरतें. दुसरा म्हणेल, ‘प्लीज’ म्हटलें तर बिघडलें काय? कांहीं बिघडलें नाहीं. चावी व बादली राहिल्या तसा हा पाहुणाहि आपल्या घरीं सुखानें राहो. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्याच्यासाठीं घरच्या माणसांस बाहेर काढूं नये. ‘प्लीज सरक’ हा ‘प्लीज’ लावलेला हुकूम आहे, आणि ‘सरकतां का?’ ही ‘प्लीज’ नसलेली विनंति आहे. यांतील सभ्य कोणतें, तें वाचकांनींच ठरवावें.

तेव्हां करावें काय? आमच्या तीन सूचना आहेत. पहिली भाषाशिक्षकांस. आज्ञार्थ व विध्यर्थ हे केवळ गुणांसाठीं शिकवूं नयेत. धाकट्या भावाजवळ, मित्राजवळ, आजीजवळ, शिपायाजवळ आणि अनोळखी गृहस्थाजवळ एकच वस्तु कशी मागावी, तीं पांच वाक्यें मुलांकडून लिहवून घ्यावीं. एका तासांत व्याकरणहि कळेल आणि माणुसकीहि कळेल. स्पॅनिश, फ्रेंच किंवा जर्मन शिकणाऱ्यांनींहि ‘प्लीज’चा प्रतिशब्द पाठ करून न थांबतां त्या भाषेचें क्रियापद कसें नमतें, हें प्रथम विचारावें. दुसरी सूचना वडील माणसांस. ‘फळा पूस’ याऐवजीं ‘फळा पुसतोस का?’ असें शिक्षकांनीं म्हटलें, आणि ‘पाणी आण’ याऐवजीं ‘जरा पाणी आणशील का?’ असें वडिलांनीं म्हटलें, तर निराळा पाठ देण्याची गरज उरणार नाहीं. मूल ऐकतें तसें बोलतें. तिसरी सूचना विद्यार्थ्यांस. शाळा झाडणाऱ्या मावशी, घंटा देणारे मामा, फाटकाशीं उभे असणारे काका, यांच्याशीं बोलतांना तीच क्रियापदें वापरावीं जीं मुख्याध्यापकांशीं बोलतांना वापरतां.

येशूनें डोंगरावरील प्रवचनांत मागण्याविषयीं बोलतांना दार ठोठावण्याची उपमा दिली आहे. ठोठावणारा मनुष्य दार फोडीत नाहीं, आणि उंबऱ्यावर लोळणहि घेत नाहीं. तो ठोठावतो आणि उघडणाऱ्यावर विश्वास ठेवून थांबतो. मराठींत त्या ठोठावण्याला ‘येऊं का?’ म्हणतात, स्पॅनिशमध्यें ‘से पुएदे?’ म्हणतात, दोन्हींत दाराआडच्या माणसाचा मान राखलेला आहे. तो मान दार बंगल्याचें असो किंवा चाळींतल्या खोलीचें असो, सारखाच राखला पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांनीं उद्यां सकाळीं शाळेचें फाटक उघडणाऱ्या मामांपासून ह्या गोष्टीस आरंभ करावा, ही विनंति.